सायलेन्सरमागचं मौन

त्या गल्लीत ट्रक एकच होता, पण थंडी पडली की धूर अख्ख्या ताफ्याएवढा काढायचा. उन्हाळ्यात तो गुमान सुरू होई. हिवाळ्यात मात्र चावी फिरवून सेल मारला की आधी कण्हायचा, मग खोकायचा, आणि मग मागून पांढराफटक, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर असा सुटायचा की समोरचं घर दिसेनासं व्हायचं. माणसं भिंतीला हात लावत कामावर जायची. एकदा पेपरवाल्याने सगळ्या गल्लीचे पेपर एकाच दारात टाकले होते आणि त्या घरच्यांनी ते मुकाट्याने वाचलेही होते.

ट्रकचा मालकच तो चालवायचा. त्याला गल्लीने धुरंधर असं नाव ठेवलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. लोकांचं घरसामान एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवायचं, हा त्याचा धंदा. हाताखाली बायकोचा भाऊ. गाडीवर दोघांचा जीव. धुरंधरचं ठाम मत होतं की जुनी गाडी म्हणजे म्हातारं माणूस. सकाळी उठल्यावर छातीतला कफ बाहेर पडल्याशिवाय त्याला बरं वाटत नाही. म्हणून तो चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवायचा आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरायचा. कफ बाहेर पडायचा आणि गल्लीच्या छातीत जाऊन बसायचा.

ट्रकची शेपटी जिथे यायची, तिथेच तळमजल्यावर एका निवृत्त साहेबांची खिडकी होती. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली होती. अंगाने काडी, तब्येतीने त्याहून नाजूक. गल्ली त्यांना पाठीमागे तोळामासा म्हणायची. ते नोकरीवरून की तब्येतीवरून, हे कुणी नक्की ठरवलं नव्हतं. तोंडावर सगळे काका म्हणत.

काकांनी धुरावर सगळे उपाय करून पाहिले होते. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, धुरंधरला गोडीत सांगितलं, मग रागावून सांगितलं. शेवटी ते नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने धुराचा नमुना आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी लोणच्याची रिकामी बरणी सायलेन्सरखाली धरली, झाकण घट्ट लावलं आणि बसने कचेरीत नेली. कारकुनाने झाकण उघडून आत पाहिलं आणि बरणी रिकामी असल्याचं सांगितलं. आता उघडलीत म्हणून रिकामी झाली, असं काका म्हणाले. तो म्हणाला, न उघडता कसं तपासणार. काका बरणी घेऊन परत आले. काकूंनी ती गरम पाण्याने तीनतीनदा घासली, तरी वास जाईना.

त्या संध्याकाळी काका गल्लीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की उद्या सकाळपासून ते ट्रकच्या सायलेन्सरमागे बसणार. धूर बंद होत नाही तोवर तोंडातून एक शब्द काढणार नाहीत आणि आपण होऊन जागचे हलणार नाहीत. गल्लीने ऐकून घेतलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की जेवायला हलणार की तेही नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकं धुरंधरकडे मोठं काम होतं. गल्लीतली दातांची डॉक्टरीण आपला दवाखाना डोंगरावरच्या एका गावी हलवत होती. ती स्वतः आदल्या दिवशीच पुढे गेली होती. सामान संध्याकाळीच रस्त्याकडेला आणून ठेवलं होतं. त्यात सगळ्यात नाजूक होता तो कंप्रेसर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणारं धूड. लोखंडी चौकटीवर बसवलेलं, माणसाच्या कमरेइतकं उंच. डॉक्टरणीने तो जाड गोधडीत गुंडाळून ठेवला होता आणि बजावलं होतं की तो सर्वांत शेवटी चढवायचा, आडवा करायचा नाही, आपटायचा तर मुळीच नाही. दव पडेल म्हणून मेहुण्याने तो काकांच्या खिडकीच्या छज्ज्याखाली सरकवून ठेवला.

सकाळी काका बाहेर आले तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. बुटकं स्टूल त्यांनी ट्रकच्या मागे मांडलं, कानटोपी घातली, नाकातोंडावर मफलर गुंडाळला, हातात पिशवीसारखे लोकरीचे मोजे चढवले आणि डोक्यावरून गोधडी घेतली ती थेट जमिनीपर्यंत. मग डोळे मिटून बसले.

गाडी तापेपर्यंत सामान चढवून होईल, असा धुरंधरचा हिशेब होता. तो पलीकडच्या दाराने थेट केबिनमध्ये चढला आणि त्याने सेल मारला. म्हातारी गाडी कण्हली, खोकली, आणि गल्ली नाहीशी झाली. मग दोघे दाजी-मेहुणे रोजच्या सवयीने, चाचपडत सामान चढवू लागले. कपाटं गेली, दवाखान्यातलं बाक गेलं, दात कोरायची खुर्ची गेली. शेवटी मेहुण्याच्या हाताला गोधडी लागली. दोघांनी खालून धरून उचलली. मेहुणा पुढे शपथेवर सांगत असे की वजन अगदी कंप्रेसरएवढंच होतं, गुंजभरही कमीजास्त नाही. वस्तू जरा गरम लागली आणि आतून घरघर ऐकू आली, पण आत थोडी हवा राहिली असेल असं त्याला वाटलं.

काकांना आपल्याला कुणीतरी उचलतंय हे कळलं होतं. आधी त्यांना वाटलं की हे आपल्याला बाजूला काढून ठेवताहेत, आणि त्यांनी अंग अधिकच ताठ केलं. मग ट्रकचा फाळका खाडकन लागला. आता ओरडावं तर शब्द मोडतो, उडी मारावी तर आपण होऊन हलल्यासारखं होतं. आणि हेही खरं होतं की ते हलले नव्हते, हलवले गेले होते. जन्मभर कायद्याच्या कलमांशी गाठ पडलेल्या माणसाला या दोन गोष्टींतला फरक चांगला कळतो. ते बसून राहिले.

गाडी गावाबाहेर पडली. धूर मागे राहिला. काकांनी हळूच मफलर खाली केला आणि थंड, स्वच्छ हवा छातीत भरून घेतली. हिवाळ्यातल्या सकाळी असा श्वास त्यांनी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. तो त्याच ट्रकमध्ये बसून घ्यावा लागला याचा त्यांना राग आला, पण त्यांनी तो घेणं थांबवलं नाही.

इकडे गल्लीतला धूर विरला तेव्हा काकू चहा घेऊन बाहेर आल्या. खिडकीच्या छज्ज्याखाली गोधडी गुंडाळून नवरा बसलेला त्यांना दिसला. गोधडी घरची नव्हती. पण स्वतःची धुराने खराब होऊ नये म्हणून दुसऱ्याची मागून आणणं त्यांना नवऱ्याच्या स्वभावाला धरूनच वाटलं. त्यांनी चहा समोर ठेवला. कुणी घेतला नाही. थोडा वेळ वाट पाहून तो त्यांनीच पिऊन टाकला, आणि मटाराच्या शेंगा घेऊन शेजारी पायरीवर सोलायला बसल्या.

आधी त्या हवापाण्याचं बोलल्या. पलीकडून हूं नाही की चूं नाही. मग पडद्यांचा विषय निघाला, की बैठकीतले पडदे त्यांना लग्नापासून कधी आवडले नव्हते. मग नणंदेचा. मग साखरेचा. काका चहातली साखर घरच्या छोट्या तराजूवर मोजून देत, आणि काकू रोज त्यांची पाठ वळली की वरून एक चमचा टाकून घेत. तेही त्यांनी सांगून टाकलं आणि जरा थांबून पाहिलं. गोधडी ढिम्म होती. एरवी या एका चमच्यावरून घरात महिनाभर अबोला झाला असता.

"तुम्ही ऐकून घेता असं मला कधी वाटलंच नव्हतं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नव्या हुरूपाने पुढची शेंग घेतली.

दुपारी ट्रक डोंगरावरच्या गावी पोचला. डॉक्टरणीचा नवा दवाखाना सजत होता. बाहेर एक न्हावी सुजलेला गाल धरून कधीचा बसला होता, कारण कंप्रेसर आल्याशिवाय त्याचा दात हाती घेता येत नव्हता. गोधडी उतरवून आत नेली. डॉक्टरीण हातात रबरी नळी घेऊन खाली वाकली, नळी कुठे जोडायची ते पाहायला तिने गोधडीचा पदर वर केला, आणि आतून तोळामासा काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, मग शब्द आठवून तसंच उघडं ठेवलं. डॉक्टरणीचीही सवय जाईना. ती आत डोकावली आणि उजवीकडची दाढ लवकर दाखवा म्हणाली. मग तिला सगळं उमगलं आणि ती खालीच बसली.

धुरंधरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने आजवर लोकांचं सामान फोडलं होतं, हरवलं होतं, पण जिवंत माणूस पोचता केला नव्हता. तो काकांची माफी मागू लागला. काकांनी फक्त ट्रककडे हात केला. मग त्याला कंप्रेसर आठवला, आणि त्याने घरी बायकोला फोन लावून काकांच्या दारात जाऊन पाहायला सांगितलं.

धुरंधरची बायको शिवण टाकून, फोन कानाला लावूनच गेली. काकू रंगात आल्या होत्या. सोललेले मटार पातेल्यात, टरफलं टोपलीत, आणि गोष्ट धाकट्या दिरापर्यंत आली होती.

"काकू, काका कुठे आहेत?"

"हे काय, बसलेत."

बायकोने पुढे होऊन गोधडी उचलली. खालून एक निळी टाकी, काचेचा काटा आणि पितळेची तोटी निघाली. काकूंनी मटाराचं पातेलं खाली ठेवलं.

"तरीच," त्या शेवटी म्हणाल्या. मग फोन मागून घेतला, नवरा जेवला का ते विचारलं, आणि त्यांना आणायची फार घाई करू नका असं सांगितलं.

पण घाई करणं भाग होतं. कंप्रेसर आणायचा होता, न्हाव्याचा गाल वाढत होता आणि डोंगरावर ऊन लवकर कलतं. जेवणखाण होईपर्यंत गाडी पार गार पडली होती. धुरंधरने काकांना केबिनमध्ये मानाने बसवायचं ठरवलं. तोच डॉक्टरणीच्या लक्षात आलं की मेहुण्याने त्यांना गोधडी-स्टुलासकट अंगणात आणून ठेवलंय, आणि तेही नेमकं सायलेन्सरच्या मागे. काकांनी हाताने खूण करून जागा त्याला दाखवली होती. हात हलवणं म्हणजे जागचं हलणं नव्हे, असा त्यांचा अर्थ होता.

धुरंधर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "साहेब, गाडी सुरू केल्याशिवाय तुम्हाला घरी नेता येत नाही. आणि तुम्ही उठल्याशिवाय गाडी सुरू करता येत नाही. आता तुम्हीच सांगा."

काकांनी काहीच सांगितलं नाही. त्यांना सांगायचंच नव्हतं. डॉक्टरणीने समजावलं, मेहुण्याने हात जोडले. न्हावीही काहीतरी म्हणाला, पण गालामुळे ते कुणाला कळलं नाही. अखेर धुरंधरचा संयम सुटला. जे व्हायचं ते होऊ दे म्हणून तो केबिनमध्ये चढला आणि त्याने चावी फिरवायला घेतली. अर्धी फिरली असेल, तेवढ्यात त्याला आरशात दिसलं की मागे काकांचा हात वर गेलाय.

एरवी तो असल्या हाताला जुमानणारा नव्हता. पण आज एकदा माणूस न बघता उचलून झाला होता. चावी तशीच अर्ध्यावर धरून तो थांबला.

खरी गोष्ट अशी होती की काकांनी हात नाही, करंगळी वर केली होती. सकाळपासूनची थंडी, वरून डॉक्टरणीने आग्रहाने पाजलेला चहा, आणि त्यांचं वय. पण हातमोज्यात करंगळी आणि पंजा सारखेच दिसतात. मेहुणा हाताकडे पाहत राहिला. न्हावी पाहत राहिला. धुरंधर आरशात पाहत राहिला. शेवटी डॉक्टरणीच्या ध्यानात आलं. तिने वाकून हलकेच विचारलं की जायचंय का, आणि काकांनी सुटल्यासारखी मान हलवून हात खाली घेतला.

हात खाली येताच धुरंधरने चावी पूर्ण फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागून धुराचा एक बारीकसा लोट आला, चहाच्या कपावर येतो तेवढा, आणि विरून गेला. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं.

त्या जातीच्या इंजिनात, थंडीत डिझेल नीट जळावं म्हणून आत हीटर असतात. चावी अर्धी फिरवून जरा थांबायचं, समोर एक पिवळा दिवा लागतो, तो विझला की मग सेल मारायचा. धुरंधरने गाडी जुनी घेतली तेव्हाच तो दिवा जळालेला होता, आणि तो कशाचा हे त्याने कधी विचारलं नव्हतं. हीटर बिचारे शाबूत होते. त्यांना तापायला आजवर कुणी वेळच दिला नव्हता.

हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, काकांना तर नाहीच. त्यांना एवढंच दिसलं की धूर बंद झालाय. म्हणजे शब्द पुरा झाला. ते स्टुलावरून उठले, मफलर सोडला आणि दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलले.

"संडास कुठे आहे?"

इंजिनाच्या आवाजात ते फक्त डॉक्टरणीला ऐकू गेलं. काका परत आले तेव्हा धुरंधर पायाशी वाकायच्या बेतात उभा होता. हे कसं केलंत, असं त्याने विचारलं. काका खरं सांगू शकले असते. त्यांनी ट्रककडे पाहिलं, वाट पाहणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते," ते म्हणाले, आणि केबिनमध्ये चढून बसले.

ते घरी पोचले तेव्हा काकू पडदे काढत होत्या. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं, जेवायला वाढते म्हणाल्या, आणि चहाच्या वेळी साखरेचा डबा सरळ टेबलावर आणून ठेवला. तराजू कुठे गेला ते काकांनी विचारलं नाही. कंप्रेसर दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेला. त्याला निरोप द्यायला काकू रस्त्यापर्यंत आल्या होत्या.

तेव्हापासून गल्लीत नवीनच रीत पडली. धुरंधर सकाळी चावी अर्धी फिरवून आरशात बघत बसायचा. काका खिडकीत येऊन हात वर करायचे, आणि त्यांच्या मनाला येईल तेव्हा खाली घ्यायचे. धूर जवळपास संपला. कपडे पहिल्याच धुण्यात स्वच्छ निघू लागले. गल्लीतली माणसं काकांना अदबीने नमस्कार करू लागली, आणि कुणी विचारलं तर काका मेकॅनिकच्या थाटात सांगत की ही सगळी अंदाजाची गोष्ट आहे, हातात असावी लागते. डॉक्टरणीने फोनवर काकूंना करंगळीची खरी हकिकत कधीच सांगितली होती. काकूंनी ती कुणालाही सांगितली नाही. धुराचं काही का असेना, नवरा सकाळी उठून कामाला लागतो, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

मग ऐन कडाक्याच्या थंडीत काकांना ताप भरला. धुरंधर केबिनमध्ये चावी अर्धी फिरवून हाताची वाट पाहत बसला. खिडकी बंद होती. मेहुण्याने सुचवलं की आजच्या दिवस असंच सुरू करू. धुरंधरने त्याला गप्प केलं. सबंध सकाळ तो तसाच बसून राहिला, आणि शेवटी चावी फिरवली तर बॅटरी पार उतरलेली. सगळ्या गल्लीला धक्का मारायला बाहेर यावं लागलं. गार इंजिन धक्क्यावर सुरू झालं ते जुन्या ओळखीचा धूर सोडतच. खोकत खोकत लोक घरी परतले आणि काका लवकर बरे व्हावेत असं सगळ्यांनाच मनापासून वाटलं.

ही बातमी ऐकून काकांचा ताप थोडा उतरला. पण डॉक्टरांनी खिडकी उघडायला मनाई केली होती. तेव्हा धुरंधर संकोचत दारात आला आणि काकूंचा हात चालेल का, असं त्याने विचारलं. काकांनी पडल्या पडल्या विचार केला. शिकवावं लागेल, म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी काकूंना हात कसा धरायचा, कोपर कुठे ठेवायचं, घाई कशी करायची नाही, ते सविस्तर सांगितलं. काकू हो हो म्हणाल्या.

सकाळी काकू ओट्याजवळच्या खिडकीत गेल्या आणि त्यांनी झकास हात वर केला. धुरंधरने चावी अर्धी फिरवली. मेहुणा श्वास रोखून उभा राहिला. नेमकं त्याच क्षणी मागे शेगडीवरचं दूध वर आलं. काकूंनी हात खाली घेऊन गॅस बंद केला.

गल्ली नाहीशी झाली. शाळेत निघालेली मुलं भिंती चाचपत निघाली. पेपरवाला आला आणि जिथे उभा होता तिथेच सगळे पेपर ठेवून गेला. धुराच्या आतून धुरंधरचा आवाज आला. तो मेहुण्याला सांगत होता की पहिला दिवस आहे, काकूंचा हात बसायला वेळ लागेल. काकूंनी दुधाचं भांडं उतरवलं, थेंबही सांडला नव्हता, आणि खोकत खोकत खिडकी लावून घेतली.